ग्वातेमालाचे सण आणि सुट्ट्या : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ईस्टरच्या आधी ग्वातेमालातल्या अँटिग्वा शहरात रस्त्यावर रंगीत गालिचे काढतात म्हणे. ते रांगोळीसारखंच असतं का? बघायला कधी जावं?

उत्तर : हौस तीच, पण मटेरियल वेगळं. या गालिच्याला आल्फोम्ब्रा म्हणतात आणि तो मुख्यतः रंगवलेल्या लाकडी भुशाचा असतो, रस्ता दगडी आणि उंचसखल, म्हणून आधी वाळू नाहीतर साधा भुसा पसरून लेव्हल करून घेतात, मग साचे ठेवून एकेक रंग भरतात. मधली नक्षी भरायला रस्त्यावर आडवी फळी टाकून तिच्यावर ओणवं व्हायचं, नाहीतर आधी काढलेल्यावरच पाय पडणार! वाऱ्याने उडू नये म्हणून अधूनमधून पाणी शिंपडत राहतात. काही ठिकाणी पाइनची पानं, फुलं, अगदी फळं-भाज्यासुद्धा मांडतात.

मग चर्चची मिरवणूक येते आणि सरळ त्यावरूनच जाते. मूर्ती ज्या लाकडी चौथऱ्यावर असते तो आंदा, मोठे आंदे इतके जड की एका वेळी 80-100 माणसांचे खांदे लागतात, आणि गंमत म्हणजे खांदा द्यायच्या पाळीसाठी लोक स्वतः पैसे भरतात. खांदेकऱ्यांना कुकुरुचो म्हणतात, त्यांचे झगे जांभळे, गुड फ्रायडेला दुपारी तीननंतर काळे. मागून बँड, आणि सगळ्यात शेवटी सफाईवाले, भुसा गोळा करत. 2022 मध्ये युनेस्कोने ईस्टरच्या आधीचा हा सगळा आठवडा आपल्या वारसा यादीत घेतला, तेव्हा हॉटेल शक्य तितकं लवकर बुक करा. मला विचाराल तर मिरवणुकीपेक्षा गुड फ्रायडेच्या आदली, गुरुवारची रात्र भारी. ला मेर्सेद चर्चची मिरवणूक शुक्रवारी पहाटेच निघते, त्यामुळे घरंच्या घरं रात्रभर रस्त्यावर गालिचे काढत बसलेली असतात.

प्रश्न : 1 नोव्हेंबरला तिथे पतंगांसाठी सुट्टी असते, हे खरं का?

उत्तर : सुट्टी ख्रिश्चनांच्या सर्व संतांच्या दिवसाची. त्या दिवशीचे पतंग सुम्पांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांचे, बांबू आणि पातळ रंगीत कागदाचे. सगळ्यात मोठे तर दुमजली घराहून उंच असतात, ते उडवत नाहीत, नुसते उभे करतात, उडतात ते लहान. जवळ जाऊन बघा, नुसती नक्षी नसते, माया म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे हक्क, हिंसाचार, पर्यावरण असे विषय असतात. त्या दिवशी फियांब्रे खायचं, भाज्या, मांस, सॉसेज, चीज असं ढीगभर घालून केलेला थंड प्रकार, प्रत्येक घराची रेसिपी वेगळी.

प्रश्न : कामासाठी ग्वातेमाला सिटीला जायचंय, कोणत्या तारखा टाळू?

उत्तर : ईस्टरच्या आधीचे गुरुवार ते शनिवार तर विसराच. बाकी 15 सप्टेंबर स्वातंत्र्यदिन (1821 चा), 20 ऑक्टोबर क्रांतीचा दिवस (1944 च्या), आणि 15 ऑगस्टला फक्त राजधानीला सुट्टी असते, बाहेर ऑफिसं चालू. 24 आणि 31 डिसेंबरला दुपारी बारानंतर कुणी भेटणार नाही. 7 डिसेंबरला सुट्टी नसते, पण संध्याकाळी सहाला लोक सैतान जाळायचा म्हणून दारासमोर जुन्या सामानाच्या आणि कचऱ्याच्या होळ्या पेटवतात, फटाके वेगळेच. दमा असेल तर त्या संध्याकाळी खोलीतच थांबा.