वाचकांचे प्रश्न : वडा, मिसळ, श्रीखंड – घरचे आणि सोसवेल असे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. डॉक्टरांनी तेल, मीठ किंवा साखर कमी करायला सांगितले आहे, दुधी आणि मुगाच्या खिचडीवर दिवस काढणेही चालू आहे, पण रविवार आला की वड्याची नाहीतर मिसळीची आठवण होतेच. अशा वेळी पदार्थच बदलून टाकण्यापेक्षा त्याची चव नेमकी कशात आहे आणि त्यातले तेल किंवा साखर नेमकी कुठून येते, हे दोन प्रश्न वेगवेगळे करून पाहावेत. पुष्कळदा त्यांची उत्तरे निराळी निघतात आणि तिथे आपल्याला काही करता येते. काही पदार्थांत मात्र दोन्हींचे उत्तर एकच असते. तिथे उगाच खटपट करू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : यजमानांचे कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे आम्ही एअर फ्रायर घेतला. त्यात बटाटेवडे केले, तर पीठ जाळीतून खाली ओघळले आणि वर राहिले ते बटाट्याचे कोरडे गोळे. कमी तेलातले वडे करण्याचा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एअर फ्रायर ही गरम हवा खेळवणारी लहानशी भट्टी आहे, त्यात तळणे होत नाही. कढईत सोडलेल्या वड्याला तापलेले तेल सर्व बाजूंनी एकदम भिडते आणि भिजवलेले डाळीचे पीठ काही सेकंदांत घट्ट होते. हवेतून उष्णता तेवढ्या वेगाने पोचत नाही, म्हणून पीठ आवळण्याआधीच गळून जाते. कटलेट किंवा वाफवून कापलेल्या कोथिंबीर वड्या त्यात चांगल्या होतात, ओल्या पिठात बुडवलेले वडे आणि भजी होत नाहीत.

त्याऐवजी घरातले आप्पेपात्र काढावे. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल सोडावे, पात्र चांगले तापल्यावर पिठात घोळवलेला लहान गोळा ठेवावा, झाकण घालून मंद आचेवर तळ खरपूस होऊ द्यावा आणि मग उलटून दुसरी बाजू भाजावी. दहा वड्यांना पाच चमचे, म्हणजे साधारण पंचवीस मिलिलिटर तेल लागते. हा वडा गाडीवरच्या वड्यासारखा लागत नाही, हे आधीच सांगून ठेवावे; पण आले, लसूण, हिरवी मिरची आणि कढीपत्ता पाट्यावर किंवा खलबत्त्यात ओबडधोबड ठेचून सारणात घातले, तर वड्याची बहुतांश ओळख कायम राहते, कारण ती सारणात असते.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कढईतलाच वडा हवा असेल, तर तोही खुशाल करावा, फक्त तळण्याची रीत नीट समजून घ्यावी. वडा तेलात असतो तेव्हा आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते आणि ती तेलाला आत शिरू देत नाही. वडा बाहेर काढला की ही वाफ निवते, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून झारा कढईच्या काठावर नीट झटकावा, वडा लगेच जाळीवर उभा ठेवावा आणि गरम असतानाच कागदाने टिपून घ्यावा. ताटात एकावर एक रचून ठेवलेले वडे गार झाल्यावर कितीही टिपले तरी फारसे साधत नाही. तेल मध्यम तापलेले, सुमारे १७५ अंश सेल्सिअसचे असावे. पिठाचा थेंब टाकल्यावर तो जरा खाली जाऊन बुडबुड्यांसह लगेच वर आला, तर ते योग्य समजावे. तेल कोमट असेल तर आवरण घट्ट व्हायला वेळ लागतो आणि वडे तेलकट होतात.

पिठात सोडा घालू नये, कारण त्याने आवरण जाळीदार होते आणि जाळीत तेल बसते. कडकडीत तेलाचे मोहनही नको. एका वाटी डाळीच्या पिठाला दोन चमचे तांदळाची पिठी पुरते आणि त्याने कुरकुरीतपणाही येतो. वडे अगदी लहान करण्याची जी पद्धत पार्ट्यांतून आली आहे तीही टाळावी. लहान वड्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असतो, त्यामुळे दोन मोठ्या वड्यांपेक्षा त्याच वजनाचे सहा लहान वडे जास्त तेल पितात.

एकदा कढईत ओतण्यापूर्वी तेल मोजून पाहावे, आणि तळण संपल्यावर ते पूर्ण निववून, गाळून पुन्हा मोजावे. मधला फरक म्हणजे घरच्यांच्या पोटात गेलेले तेल. हा आकडा कागदावर आला की यजमानांना वेगळे सांगण्याची गरज पडत नाही. उरलेले तेल फोडणीसाठी दोन-तीन दिवसांत संपवावे, पुन्हा पुन्हा तळणीला घेऊ नये. वारंवार तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले, तर ते तेल वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ पासून मनाई केली आहे. घरात हे मोजता येत नाही, पण काळपटलेले, चिकट झालेले, फेसाळणारे आणि लवकर धुरावणारे तेल ओळखणे कठीण नाही.

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे. मिसळीच्या कटावर तेलाचा लाल तवंग नसेल, तर घरात कोणी तिला मिसळ म्हणायलाच तयार नसते. मला मात्र रक्तदाबाचा त्रास आहे. कट कमी तेलाचा कसा करावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तवंगाबद्दल आपल्या घरच्यांचे म्हणणे मला रास्त वाटते, आणि तो काढून टाकायचेही कारण नाही. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो; पण त्याला पळीभर तेल लागत नाही. चार माणसांच्या कटासाठी लहान कढल्यात दोन चमचे तेल तापवून गॅस बंद करावा, तेल किंचित निवले की त्यात ब्याडगी मिरचीची पूड घालून हलवावे आणि रंग सुटेपर्यंत थांबावे. तेल फार तापलेले असेल तर पूड जळते आणि तवंग तांबडा न होता तपकिरी व कडवट होतो. ही फोडणी कट उकळून झाल्यावर, वाढण्यापूर्वी वरून सोडावी. उकळत्या कटात आधीच घातलेले तेल रश्शात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही आणि मग पुन्हा ओतावेसे वाटते.

कटातली दुसरी चरबी खोबऱ्यात असते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. वाटणासाठी कांदा सोलून थेट आचेवर काळसर होईपर्यंत भाजावा, म्हणजे परतायला तेल लागत नाही; खोबरे नेहमीच्या एकतृतीयांश घेऊन कोरडेच भाजावे, आणि दाटपणासाठी मूठभर शिजलेली मटकी वाटणातच फिरवावी. याने कट अंगासरशी होतो, चोथा-पाणी वेगळे दिसत नाही.

रक्तदाबाच्या दृष्टीने तेलापेक्षा मीठ अधिक महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढेही नाही, इतके मीठ पुरेसे आहे. मिसळीत उसळ, कट, फरसाण आणि पाव अशा चार ठिकाणांहून ते येते, शिवाय कांदा-लसूण मसाल्यात बहुधा आधीच मीठ घातलेले असते. उसळीत ते निम्मे करावे. वर लिंबू पिळले आणि कच्चा कांदा घातला की अळणीपणा जाणवत नाही. फरसाणाऐवजी भाजक्या पातळ पोह्यांचा चिवडा आणि थोडे फुटाणे घ्यावेत, आणि तेही खायला बसल्यावरच घालावेत. फरसाणाचे काम मिसळीत कुरकुरीतपणा आणण्याचे असते, आणि ते पोहे निभावतात. मटकीच्या जागी कोणतेही कडधान्य चालेल का, असे आपण पुढे विचारले आहे. चालेल, पण मटकीच घ्यावी.

प्रश्न : दिवाळीत ओव्हनमध्ये चकल्या भाजल्या, त्या दगडासारख्या झाल्या. काय चुकले?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले काही चुकले नाही. तळताना पिठातले पाणी झपाट्याने वाफ होऊन निघून जाते आणि चकलीला आतून नळी पडते. ओव्हनमध्ये ते सावकाश सुकते आणि पीठ आवळत जाते. चकली तळूनच करावी, निम्मी करावी आणि मोजून खावी.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. श्रीखंडात साखरेऐवजी गूळ घातला तर तिला देता येईल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. गूळ आणि साखर यांच्या उष्मांकांत नगण्य फरक आहे आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळात लोह वगैरे असते हे खरे, पण श्रीखंडात पडेल तेवढ्या गुळातून मिळणाऱ्या लोहासाठी मधुमेह्याने तो खावा, असे म्हणता येणार नाही. शिवाय गुळाने श्रीखंडाचा रंग आणि चव दोन्ही बिघडतात.

साखर कमी करण्याचा मार्ग दह्यातून जातो. श्रीखंडात चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर घालावी लागते ती मुख्यतः आंबटपणा झाकण्यासाठी. दही लागताच, ते आंबण्याआधीच, फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगावे. स्वयंपाकघरातल्या खुंटीवर रात्रभर लोंबकळणारे दही सकाळपर्यंत आंबून जाते. फ्रिजमधला चक्का गोडसर राहतो. अशा अर्धा किलो चक्क्याला २०० ग्रॅम साखर पुरते, सोबत केशर, वेलची, जायफळ आणि मिठाची एक कणी घालावी. याच्या आठ वाट्या केल्या तर प्रत्येकी २५ ग्रॅम साखर येते. बरोबरीच्या प्रमाणात ती ६२ ग्रॅमच्या घरात गेली असती. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे श्रीखंड बाहेर काढून ठेवावे, कारण फार थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते आणि मग साखर अपुरी पडल्यासारखे वाटते.

तरीही ध्यानात असू द्यावे की निरोगी माणसाने दिवसभरात खाण्याच्या वरच्या साखरेचे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले आदर्श प्रमाण साधारण तेवढेच, २५ ग्रॅमच्या आसपास आहे. आईंना द्यायचे झाल्यास दोन चमचे, जेवणाबरोबर, पुरीऐवजी फुलक्याशी द्यावे आणि तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. ती पौष्टिक कशी करावी?
— एक वाचक, अकोला

उत्तर : साबुदाणा म्हणजे कंदापासून काढलेला जवळजवळ शुद्ध पिठूळ भाग, त्यात प्रथिने आणि तंतू नसल्यासारखेच आहेत. खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटातले. म्हणून एक वाटी साबुदाण्याला अर्धी वाटी जाडसर कूट घ्यावे, बटाटा वगळावा, कारण तो पिठूळात पिठूळ वाढवतो, आणि तूप दोन चमच्यांवर आणावे. तूप कमी केल्यावर खिचडी कढईला चिकटते, ही तक्रार येणारच. त्यासाठी भिजवलेल्या साबुदाण्याला कूट, मीठ लावून चाळणीवर सात-आठ मिनिटे वाफ द्यावी आणि नंतर जिरे-मिरचीच्या फोडणीत फक्त उलथून घ्यावा. ताटात खिचडी एक वाटी, ताजे दही एक वाटी आणि काकडीची कोशिंबीर घेतली तर भूक लवकर लागत नाही. आमच्याकडे उपवासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त खाल्ले जाते, हे मीही पाहत आले आहे, पण तो या सदराचा विषय नाही.

प्रश्न : मुलांसाठी कणकेचे पाव घरी करते. ते बसकट आणि कोरडे होतात. पावभाजीतले लोणी कमी केले तर मुले जेवत नाहीत.
— एक वाचक, बडोदे

उत्तर : कणकेतला कोंडा पिठाची लवचिक जाळी तोडतो आणि पाणीही जास्त शोषतो. पहिल्याच फेरीत शंभर टक्के कणकेचा आग्रह न धरता कणीक आणि मैदा निम्मे निम्मे घ्यावेत. दोन्ही मिळून २५० ग्रॅम पिठाला कोमट दूध-पाणी १८० ते १९० मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट एक चमचा, मीठ पाऊण चमचा आणि तेल एक मोठा चमचा घ्यावा. पीठ नुसते पाण्याने कालवून अर्धा तास झाकून ठेवावे आणि मगच यीस्ट, मीठ, तेल घालून मळावे. तेवढ्या वेळात कोंडा भिजतो. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल आणि हाताला चिकटणारे असते. ते पाहून घाबरून वर पीठ भुरभुरवले जाते, आणि पाव कोरडे होण्याचे कारण बहुधा हेच असते. हाताला तेलाचा बोट लावून मळावे. दुप्पट फुगल्यावर गोळे करावेत, डब्यात एकमेकांना खेटून लावावेत, पुन्हा फुगू द्यावेत आणि १९० अंशांवर वीसेक मिनिटे भाजून लगेच ओल्या फडक्याने झाकावेत.

भाजीत बटाटा निम्मा करून त्या जागी फ्लॉवर आणि थोडा लाल भोपळा घ्यावा. बटाटा पूर्ण काढला तर भाजी मिळून येत नाही. रंगासाठी बिटाचा लहान तुकडा पुरतो. लोणी मात्र शिजवताना अजिबात घालू नये. शिजताना घातलेल्या लोण्याचा वास उडून जातो आणि उरते ती नुसती चरबी. भाजी एक चमचा तेलात करावी, आणि लोण्याचा लहान चमचाभर तुकडा प्रत्येकाच्या ताटात, वाफाळत्या भाजीवर, मुलांच्या डोळ्यांदेखत ठेवावा. पाव कोरड्या तव्यावर शेकावेत.