पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन पहिल्यांदा करताना
शिरेतून कॉन्ट्रास्ट (अवयव स्कॅनमध्ये उठून दिसावेत म्हणून द्यायचं औषध) द्यायचं असतं, म्हणून पेशंटचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट स्वतः बघ, ॲलर्जीचं स्वतः विचार. फॉर्मवर टिक आहे म्हणून सोडू नकोस. हात डोक्याच्या वर घ्यायला लाव, नाहीतर लिव्हरवर आडव्या रेघा उमटतात.

सुई कोपराच्या खोबणीत, शक्यतो २० गेजची. आधी सलाइन ढकलताना बोट तिथेच ठेव. फुगवटा लागला की थांब. "अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही" हे आधीच सांग. न सांगितलेला माणूस ऐन स्कॅनमध्ये दचकतो.

नेहमीच्या पोर्टल फेजला (कॉन्ट्रास्ट लिव्हरच्या पोर्टल शिरेत पोचल्यावरच्या स्कॅनला) कॉन्ट्रास्ट सुरू केल्यापासून साधारण ७० सेकंद थांब. श्वास रोखायची तालीम मात्र आधीच करून घे. स्कॅन डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) वरून प्यूबिक सिम्फिसिसच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडांच्या सांध्याच्या) खालपर्यंत घे. मी एकदा खालचं टोक कापलं होतं. त्या आजींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं.