बेणारे उभी करताना: हौशी मंडळांचे प्रश्न

स्पर्धेचा मोसम जवळ आला की ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवायला घेतलेल्या मंडळांची पत्रं हमखास येतात. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे यांची. गावात प्रयोगाला आलेली एक हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळतात, अविवाहित शिक्षिका बेणारेला आरोपी करतात, आणि खेळता खेळता तिचं खाजगी आयुष्य उघडं पाडतात. त्या गावातल्या हॉलचा एकच सेट, आठ मुख्य पात्रं, साधे कपडे. त्यामुळे नाटक स्वस्तात होईल असं वाटतं. पैशाने होतंही, पण तालमीत भल्याभल्यांचा घाम काढतं. या वेळची निवडक पत्रं त्याच घामाबद्दल आहेत.

आमची बेणारे चांगली नटी आहे, पण तिसऱ्या अंकातलं स्वगत पडतं. ती जीव तोडून बोलते, रडते आणि नेमके तेव्हाच प्रेक्षक चुळबुळ करतात. स्वगत थोडं कापावं का?
— एक दिग्दर्शक, सोलापूर जिल्हा

कापू नका. दुखणं बहुधा तिथे नाहीच. ते पहिल्या अंकात आहे आणि बाकीच्या सात जणांत आहे.

पहिल्या अंकात बेणारे अखंड बोलते, नकला करते, गाणी गुणगुणते, एकेकाची फिरकी घेते. तिसऱ्या अंकात ती बराच वेळ गप्प असते. तिचं बोलणं प्रेक्षकांना आधी हवंहवंसं वाटलं असेल, तरच ही गप्प बेणारे बोचते. म्हणून पहिल्या अंकाच्या तालमीला नाटक माहीत नसलेली चार-पाच माणसं बसवा आणि ती कुठे हसतात याच्या खुणा संहितेवर करा. सलग तीन पानं कुणी हसलं नाही, तर तुमच्या बेणारेला शेवट आधीच ठाऊक आहे असं समजा. बहुतेक नट्या पहिल्याच प्रवेशात डोळ्यांत दुःख घेऊन येतात. तेवढं काढून टाका.

पुरुष पात्रांचंही तसंच. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक हे पहिल्यापासून खलनायकी हसू लागले, तर पुढे वळायला जागाच उरत नाही. भ्रूणहत्येचा आरोप पुकारला जातो तेव्हा त्यांच्या लेखी तो अजून खेळच असतो. सुखात्म्यांचा वकील हा वकिली न चाललेला माणूस आहे. त्याला हा खेळ जिंकायचा आहे, एवढाच हेतू नटाला द्या. सगळ्यात नाजूक जागा सामंतची. तो गावचा भाबडा माणूस, आयत्या वेळी साक्षीदार म्हणून उभा केलेला, आणि वाचलेल्या कादंबरीतून साक्ष रचून सांगतो. ती नेमकी वर्मी लागते. हे आपण काय बोललो, याचा पत्ता सामंतला लागता कामा नये. नटाने तिथे अर्थपूर्ण पॉज घेतला की प्रवेश कोसळला.

तालमीचा एक प्रकार करून पाहा. तिसरा अंक तीन-चारदा आरोपीच्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर चालवा. सातही जणांनी आपलं वाक्य संपल्यावर कुणाकडे पाहायचं, कधी नजर चुकवायची, हे ठरवायचं. मग बेणारेला आत उभी करा. तिने काहीच ‘करायचं’ नाही, फक्त ऐकायचं. हा अंक बोलणाऱ्यांच्या लयीवर आणि ऐकणारीच्या श्वासावर चालतो. स्वगत हा त्याचा हिशोब आहे.

आता खुद्द स्वगत. त्याचे सहा तुकडे करा: जगण्याविषयीचं उपरोधिक बोलणं, समोरच्या माणसांचे चेहरे, शाळेतली मुलं, मामाची गोष्ट, प्राध्यापक आणि स्वतःचं शरीर, शेवटी मूल. प्रत्येक तुकडा कुणाला सांगितला जातोय ते समासात लिहा. श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ मारा. प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ मोजा. सगळे सारख्या वेगात जात असतील, तर प्रेक्षक तिथेच सुटतो. अश्रू शेवटच्या तुकड्याआधी नकोत. कारण साधं आहे: रडताना नाक चोंदतं, म आणि न यांचे ब आणि द होतात, आणि लहान गावच्या नाट्यगृहात फूट माईकच्या भरवशावर दहाव्या रांगेपलीकडे शब्द पोचत नाही. पूर्ण आवाजात एका संध्याकाळी दोनदाच, बाकी तालीम निम्म्या आवाजात.

स्वगत चालू असताना बाकीचे फ्रीझ होतात. तेव्हाची पोझ त्यांना तेवढा वेळ पेलणारी हवी. हात खांद्याच्या वर नकोत, वजन दोन्ही पायांवर, नजर एका ठरलेल्या वस्तूवर. पापण्या लवू द्या, त्या कुणाला दिसत नाहीत. ज्याला खोकला आहे त्याला पाठमोरा बसवा.

मी बेणारे करते. सौ. काशीकर मला ओढत पिंजऱ्यात आणते त्या जागी रोज मनगटाला वळ उठतात. दिग्दर्शक म्हणतात, खरं दिसायला हवं. शिवाय तालमीनंतर रात्री झोप लागत नाही.
— एक कलावंत, नागपूर

खरं दिसण्यासाठी खरं ओढावं लागत नाही. रंगमंचावर ओढाताणीचा ताबा नेहमी ओढल्या जाणाऱ्या माणसाकडे असतो. सौ. काशीकरने तुमच्या मनगटावर हात फक्त ठेवायचा. तिचा हात तुम्ही दुसऱ्या हाताने पकडायचा, जणू सोडवताय, आणि तोल मागे टाकत स्वतःच्या पायांनी पुढे यायचं. तिने खांदे आणि पाठ वापरून जोर दाखवायचा, बोटं सैल. आधी आठ मोजत सावकाश, मग चार मोजत, आणि वेग शेवटच्या आठवड्यात.

काचेच्या बांगड्या दोघींच्याही हातात नकोत. फुटली की तळहात कापतो आणि काच अंकभर पायाखाली राहते. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या घाला. निऱ्यांना दोन सेफ्टी पिना, पदराला एक, साडी घोट्याच्या वर बोटभर. थांबायचा एक शब्द ठरवा, जो संहितेत कुठेच नाही. तो उच्चारला की दोघी जागच्या जागी थांबणार. दिग्दर्शकाची परवानगी त्याला लागत नाही.

झोपेबद्दल: तालीम संपली की कपडे बदला, तोंड धुवा, आणि मंडळातल्यांनी तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारायची. चेष्टेतही ‘बेणारे बाई’ नको. भूमिकेत शिरण्यासाठी कुणी तुमच्या खाजगी आयुष्यातलं दुखरं उकरत असेल, तर ते दिग्दर्शन नव्हे, तसं सरळ सांगा. तिसरा अंक रोज करू नये, आठवड्यात तीनदा पुरतो. तरीही झोप लागेना, तर महिला सहकाऱ्याला सोबत घेऊन वेळापत्रक बदलून मागा आणि डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका.

दाराच्या कडीचं आणि ढेकणांच्या औषधाच्या बाटलीचं काय करावं? मागच्या प्रयोगात दार खरंच अडकलं, आणि बाटली फुटली.
— नेपथ्य विभाग, रत्नागिरी

दाराची कडी म्हणजे या नाटकातलं नववं पात्र. सुरुवातीला बेणारेचं बोट तिच्यात सापडतं, पुढे दार बाहेरून अडकतं आणि तिला जाता येत नाही. म्हणूनच ती कडी खरी काम करणारी ठेवू नका. समोरची कडी नुसती दाखवायची. दार धरायला फ्लॅटमागे, म्हणजे सेटच्या उभ्या भिंतीमागे, एक माणूस उभा करा, त्याच्या हातात लाकडी पाचर. आवाजासाठी खरी जाड कडी वेगळ्या फळीवर बसवा आणि विंगेतून वाजवा. दाराची फ्लॅट मांजरपाटाची असेल, तर दार आपटताच भिंत थरथरते आणि प्रेक्षक हसतात. तेवढी एक फ्लॅट सहा मिलिमीटर प्लायची करा, मागे दोन तिरके टेकू, प्रत्येकाच्या पायाशी दहा किलोची वाळूची पिशवी.

बेणारे बाटली तोंडाला लावू पाहते आणि कर्णिक ती उडवतो. काच कधीही वापरू नका, खऱ्या औषधाची धुतलेली बाटलीही नको. तपकिरी प्लॅस्टिकची औषधाची बाटली घ्या, आत मेण ओतून शंभरएक ग्रॅम वजन द्या आणि झाकण चिकटवा. रिकामी प्लॅस्टिकची बाटली पडताना टणटणते, भ्रम जातो. पाणी भरलं तर सांडून घसरायला होतं. कर्णिकने बाटलीला नव्हे, बेणारेच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श करायचा आणि तिने ती मागच्या पडद्याच्या दिशेने सोडायची. समोरच्या रांगेकडे कधीच नाही.

आमच्या मंडळात सहा बायका आणि तीनच पुरुष. सुखात्मे आणि काशीकर बायकांना देता येतील का?
— महिला मंडळ, बेळगाव

देऊ नका. बेणारेला घेरणारी माणसं कोण आहेत यावर या नाटकाची सगळी वीण आहे. काशीकर बाई झाले की सौ. काशीकरच्या वाट्याला आलेली दयनीय क्रूरता निरर्थक ठरते. शिवाय तेंडुलकरांचं निधन २००८ मध्ये झालं, भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत. बदल सोडा, साध्या प्रयोगालाही हक्कदारांची लेखी परवानगी आणि मानधन लागतं. ते पत्र तालीम सुरू होण्याआधी हातात असू द्या.

तुमच्या संख्येला दुसरी नाटकं बसतात. प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ आई आणि तीन मुलींवर उभं आहे. त्यातल्या फोनवरच्या लांब प्रवेशासाठी पलीकडच्या माणसाची सगळी वाक्यं आधी लिहून काढा आणि तालमीत कुणीतरी ती खरोखर वाचा, नाहीतर नटी पॉज मोजत बसते. बायकांची संख्या याहून जास्त असेल तर स्पॅनिश नाटककार लोर्काचं बर्नार्डा आल्बाच्या घराचं नाटक घ्या. त्यात रंगमंचावर एकही पुरुष येत नाही. १९३६ च्या जूनमध्ये लिहून झालं, ऑगस्टमध्ये लोर्काची हत्या झाली, पहिला प्रयोग १९४५ मध्ये ब्वेनोस आयर्सला. मूळ नाटकाचे हक्क भारतात संपले आहेत, पण मराठी अनुवादाचे अनुवादकाकडे असतात, हे विसरू नका.

स्वगताच्या वेळी सगळ्यांना अंधारात घेऊन फक्त बेणारेवर प्रकाश हवा, पण आमच्या हॉलमध्ये दिवे लावले की फ्यूज उडतो.
— प्रकाशयोजनाकार, जळगाव

एक हजार वॉटचा स्पॉट २३० व्होल्टला साधारण सव्वाचार अँपिअर ओढतो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीन, चौथा लावला की उडणारच. बारा स्पॉट म्हणजे बावन्न अँपिअर. तेवढ्यासाठी तीन फेज लागतात, प्रत्येकावर चार. या स्वगताला बारा लागतही नाहीत. बेणारेवर वरून दोन, समोरून एक, आणि बाकीच्यांवर आधीच्या प्रवेशाचे चार दिवे वीस टक्क्यांवर. पूर्ण अंधार केला, तर फ्रीझ झालेली माणसं दिसत नाहीत आणि ती दिसायलाच हवीत. प्रकाशाचा उतार दहा मोजत करा, परतताना एकदम. स्वस्त एलईडी ‘पार’ (PAR) दिवे खालच्या टक्केवारीत पायऱ्या-पायऱ्यांनी मंदावतात, म्हणून हा एक उतार जुन्या हॅलोजनवर ठेवा. आवाजाचं कनेक्शन दिव्यांच्या फेजवर देऊ नका, डिमर फिरवला की स्पीकरमध्ये गुणगुण येते. आणि हॉलच्या वायरमनला आदल्या दिवशी भेटा, तिसऱ्या घंटेला नव्हे.