निवड हुकली, आता कोच होता येईल का?

मेलबर्नमधल्या टार्नीटहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला. लहानपणापासून फुटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) खेळतो, पण यंदा वेस्टर्न जेट्स या होतकरू तरुण खेळाडूंच्या संघात निवड झाली नाही. आता म्हणतो, ‘मी कोच होणार.’ आईचा प्रश्न: खेळाडू म्हणूनच पुढे गेला नाही, तर कोच म्हणून त्याला कोण विचारणार?

नमस्कार ताई,

ॲलिस्टर क्लार्कसन या नावाजलेल्या फुटी कोचचा प्रवास मुलासोबत बसून बघा. नॉर्थ मेलबर्न आणि मेलबर्न या दोन क्लबांकडून मिळून तो १३४ सामने खेळला. खेळाडू बरा, पण दिग्गजांच्या यादीत नाव येईल असा नव्हे. १९९७ नंतर सेंट किल्डा क्लबात सहाय्यक कोच, २००० मध्ये तुमच्या शेजारच्याच वेरिबीचा कोच, २००१ मध्ये सेंट्रल डिस्ट्रिक्टला विजेतेपद, मग पोर्ट ॲडलेडमध्ये पुन्हा सहाय्यक. एवढं झाल्यावर हॉथॉर्न क्लबचं मुख्य कोचपद मिळालं आणि २००८, २०१३, २०१४, २०१५ अशी चार विजेतेपदं.

२००८ ची फायनल मुलाला पूर्ण बघू द्या. समोरचं जिलाँग त्या मोसमात तोवर एकच सामना हरलं होतं. हॉथॉर्नच्या पोरांनी प्रत्येकी एक माणूस धरण्याऐवजी मिळून जागा अडवल्या. अख्ख्या संघाच्या अंगात असा डाव मुरवायचा, तर शिकवण्याची हातोटी लागते. ती १३४ सामन्यांत आपोआप येत नाही. ब्रिस्बेनला २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकून देणारा कोच ख्रिस फेगन तर एएफएल या देशातल्या सर्वोच्च फुटी लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही! तोही आधी हॉथॉर्नमध्ये क्लार्कसनसोबत होता.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. एएफएलमध्ये क्लब १८, म्हणजे मुख्य कोचच्या जागाही १८च. त्या भरवशावर शिक्षण सोडू देऊ नका. खेळविज्ञान किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊ दे. फूट्सक्रेची व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी तुम्हाला जवळ आहे. शाळेत शिकवणारा माणूस संध्याकाळी क्लबचा कोच असतो, आणि हे काम मानाचंच आहे.

सुरुवात मात्र याच मोसमात करावी. त्याच्या क्लबमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना मदतनीस लागतातच, किंवा लहान मुलांना फुटी शिकवणाऱ्या ऑसकिकला जावं. ड्रॉप पंट ही फुटीतली नेहमीची किक शिकवताना चेंडू हातातून पायावर सरळ पडतोय का, हे बघायचं, आणि चुकलं तर पोरगं हिरमुसणार नाही असं सांगायचं. १८ पूर्ण झाले की ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ (मुलांसोबत काम करण्यासाठीची सरकारी पडताळणी) काढावा लागेल, कोचिंगचा पायाभूत कोर्सही करून टाकावा.

आणि स्वतःचं खेळणं त्यानं थांबवू नये. स्थानिक संघात जागा आहे तोवर खेळू दे.