दोन देशांमधला करार प्रत्यक्षात कसा होतो? पंतप्रधान बसून ठरवतात का? आणि मग बेळगावचा प्रश्न तसाच करार करून का मिटवत नाहीत?

बेळगाव कोर्टाजवळ एका वकिलांकडं बरीच वर्षं खरेदीखतं, वाटणीपत्रं ड्राफ्ट करतोय, त्यामुळं प्रश्न बघून राहवलं नाही. बेळगावचं शेवटी सांगतो.

टीव्हीवर दोन झेंडे, लेदरच्या फाइली आणि हस्तांदोलन दिसतं ना, तोवर मजकुराचं काम कधीच आटपलेलं असतं. ते काम करतात दोन्हीकडचे अधिकारी, म्हणजे त्या त्या खात्याचे लोक आणि आपल्याकडं परराष्ट्र मंत्रालयाच्या लीगल अँड ट्रीटीज डिव्हिजनचे वकील. एक बाजू मसुदा देते, दुसरी त्यात आपलं घुसडते, आणि ज्या शब्दांवर जमत नाही ते चौकोनी कंसात टाकून ठेवतात. मग पुढच्या बैठका म्हणजे एकेक कंस सोडवणं, चहावर चहा. २०१५ च्या हवामान बदलावरच्या पॅरिस करारात तर शेवटच्या दिवशी श्रीमंत देशांच्या उत्सर्जन कपातीच्या वाक्यात ‘शॅल’ (करावंच लागेल) राहिला होता, अमेरिका अडली कारण ते बंधन झालं असतं आणि त्यांना मंजुरीसाठी सिनेटकडं, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहाकडं, जावं लागलं असतं, मग टायपिंगची दुरुस्ती म्हणून ‘शुड’ (करायला हवं) वाचून दाखवला आणि करार मंजूर. आमच्याकडं ‘देणेचे कबूल केले आहे’ च्या जागी ‘देणेचा विचार करेल’ लिहून बघा, पक्षकार कॉलर धरतोय की नाही.

मजकूर ठरला की अधिकारी पानापानावर इनिशिअल, म्हणजे छोटी सही, करतात, म्हणजे आता यात हात घालायचा नाही. सही करणाऱ्याकडं ‘फुल पॉवर्स’ नावाचं पत्र लागतं, आपल्या मुखत्यारपत्रासारखं. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री यांना ते लागत नाही.

भाषेचं जरा सविस्तर सांगतो, कारण कन्नड नोटीस हातात घेऊन ‘यात काय लिहिलंय ओ?’ म्हणत येणारे आमच्याकडं रोज असतात. भारताचे दोन देशांमधले करार बहुधा हिंदी, समोरच्याची भाषा आणि इंग्रजी अशा तिन्हीत होतात, आणि खाली लिहिलेलं असतं की अर्थात फरक पडला तर इंग्रजी धरायचं. ती एक ओळ किती महागाची आहे बघा. १८८९ मध्ये इथिओपिया आणि इटलीचा वुचालेचा करार झाला, अम्हारिक प्रतीत होतं की सम्राट परदेशी व्यवहारासाठी इटलीची मदत घेऊ शकतो, इटालियन प्रतीत होतं की घ्यावीच लागेल. शेवट १८९६ च्या अडवाच्या लढाईत झाला, इटली हरली.

आणि सही झाली म्हणजे झालं असं नाही हं. सही म्हणजे साठेखत, रॅटिफिकेशन, म्हणजे करार देशाला बांधील असल्याची पक्की मान्यता, हे खरेदीखत. आपल्याकडं रॅटिफिकेशनला कॅबिनेटची मंजुरी आणि राष्ट्रपतींची सही लागते, संसदेचं मतदान लागत नाही, करार पाळायला कायदा करायचा असेल तरच संसद, घटनेचं कलम २५३. पण जमीन द्यायची असली तर गोष्ट वेगळी. तुम्ही विचारलंत पंतप्रधान बसून ठरवतात का, तर १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे फिरोज खान नून यांनी ठरवलं की बंगालमधला बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचा. दोन पंतप्रधान, अजून काय पाहिजे? सुप्रीम कोर्टानं १९६० मध्ये सांगितलं, घटनादुरुस्ती लागेल. ती नववी दुरुस्ती झालीसुद्धा, तरी बेरुबारी काही गेलं नाही. तोवर पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला, आणि १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि बांगलादेशचे मुजीबुर रहमान यांचा नवा करार झाला त्यात ते भारतातच ठेवलं. बांगलादेशनं तो करार त्याच वर्षी रॅटिफाय केला, आपल्याकडं १०० वी घटनादुरुस्ती व्हायला २०१५ उजाडलं. ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताचे १११ छिटमहाल (चहूबाजूंनी दुसऱ्या देशानं वेढलेले जमिनीचे तुकडे) तिकडं आणि त्यांचे ५१ इकडं आले. सहीपासून ४१ वर्षं. आमच्याकडचे वाटणीचे दावे पण एवढे चालत नाहीत. (चालतात, पण थोडेच.)

आता बेळगाव. करार दोन देशांत होतो, कर्नाटक आणि महाराष्ट्र हे देश नव्हेत. राज्यांच्या हद्दी घटनेच्या कलम ३ नं संसद बदलते, साध्या बहुमतानं, विधानसभांचं मत मागवतात पण ते ऐकायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे परदेशाला एक गाव द्यायला घटना बदलावी लागते आणि निपाणी पलीकडच्या राज्यात द्यायला साधा कायदा पुरतो, तरी १९५६ पासून तो आलेला नाही आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. छिटमहालच्या लोकांना निदान गावात येऊन विचारलं, कुठल्या देशाचं नागरिकत्व पाहिजे म्हणून. आमच्या गल्लीत वोटर लिस्टवाले आणि जनगणनावाले येतात, ते फक्त घरात माणसं किती एवढंच विचारतात.