भौतिकशास्त्रज्ञाने शहरांवर संशोधन केलं तर ते भौतिकशास्त्र राहतं का?

एमएससी करताय, शहरांवर काम करायचंय आणि घरचे-दारचे "हे कसलं भौतिकशास्त्र?" म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी हा विषय शिकवतो. आमच्या स्टाफरूममध्येही यावरून वाजतं. माझ्या मते ते भौतिकशास्त्रच आहे.

जेफ्री वेस्टचंच बघा. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतला कणभौतिकीचा माणूस. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने टेक्सासमधल्या सुपरकोलायडरचे (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या अजस्र यंत्राचे) पैसे बंद केले आणि पन्नाशी ओलांडलेला हा गडी जीवशास्त्राकडे वळला. उंदरापासून हत्तीपर्यंत ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते, म्हणजे वजन दुप्पट झालं तर गरज दुपटीहून कमीच वाढते, हे जीवशास्त्रज्ञ क्लायबरच्या १९३२ च्या कामापासून माहीत होतं. का, ते वेस्टने १९९७ मध्ये ब्राउन आणि एन्क्विस्ट या दोघा जीवशास्त्रज्ञांबरोबर रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरून मांडलं. आता रस्ते, केबल म्हणजे तरी काय, जाळीच की!

२००७ मध्ये लुईस बेटनकूर (यांची पीएचडी आरंभीच्या विश्वावर!), वेस्ट आणि सहकाऱ्यांनी शहरांची आकडेवारी छापली. लोकसंख्या दुप्पट झाली तर रस्ते आणि केबल साधारण पावणेदोन ते एक पूर्णांक आठ पटच लागतात. इथवर हत्तीसारखंच. पण पगार, पेटंट, गंभीर गुन्हे, एड्सचे रुग्ण हे दुपटीहून जास्त वाढतात. घातांक १.१५ धरला तर सव्वादोन पटीच्या जवळ. हत्ती मोठा म्हणून संथ; शहराचं उलटंच. गर्दीत माणसांच्या गाठीभेटी वाढतात, हे बेटनकूर यांचं स्पष्टीकरण मला पटतं.

खरी गोम पुढे आहे. हत्ती कुठे संपतो ते दिसतं, शहर कुठे संपतं? वर्गात एकदा शहरांच्या आकड्यांचा लॉग-लॉग आलेख (दोन्ही अक्षांवर आकडे पटीपटीने वाढणारा) काढला, ठिपके पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत. सगळे खूश. मग एका मुलीने उपनगरं वेगळी मोजली आणि रेषेचा चढ, म्हणजे घातांकच, बदलला. तासभर भांडलो, निकाल लागला नाही. २०१५ मध्ये एल्सा आर्काउते आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्सच्या शहरांच्या हद्दी नाना तऱ्हांनी आखून पाहिल्या, तर बहुतेक गोष्टी लोकसंख्येच्या सरळ प्रमाणातच वाढताना दिसल्या.

तेव्हा खुशाल या वाटेने जा. सांख्यिकीय भौतिकी तुम्हाला येत असेलच. आकडे हातात घेण्याआधी ते गोळा करणाऱ्याने 'शहर' कशाला म्हटलंय, तेवढं वाचा. त्या कंटाळवाण्या पानांनी माझे दोन महिने वाचवले असते.