‘तेरा नंबरचा बोल्ट’ म्हणजे नेमका कोणता?

वर्कशॉपमधल्या यंत्रांच्या आणि हत्यारांच्या स्क्रू-बोल्टबद्दल आलेले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक अडचणींचं मूळ सारखंच आहे: बोल्टचं अर्धंच नाव सांगितलं गेलं आणि उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणीतरी अंदाजाने भरलं.

प्रश्न: बँडसॉच्या टेबलाचा एक बोल्ट हरवला. बाकीच्यांना १३चा पाना लागतो, म्हणून ‘तेरा नंबरचा बोल्ट’ मागितला. मिळालेल्या बोल्टला १३चा पाना बसतो, पण भोकात दोन-तीन फेरे जाऊन तो अडकतो. आणखी जोर लावू का?

अजिबात नको. तो आधी उलटा फिरवून बाहेर काढा. पुढचा अर्धा फेरा जोराने मारलात, तर बोल्टचं काही बिघडणार नाही. टेबलाचे आटे जातील, आणि ते भरून काढणं बोल्ट बदलण्याइतकं सोपं नाही.

१३ हे डोक्याचं माप झालं, बोल्टचं नव्हे. एम८ (मेट्रिक, ८ मिमी व्यासाच्या) बोल्टच्या षटकोनी डोक्याला १३ मिमीचा पाना लागतो, हे खरं. पण ५/१६ इंची, म्हणजे अडीच सुती (एक सूत म्हणजे १/८ इंच) बोल्टचं डोकं १/२ इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. १३चा पाना त्यावरही जातो, जरासा सैल. दांड्याची जाडी तर याहून फसवी आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, आणि खरा एम८ बोल्टसुद्धा कॅलिपरमध्ये पूर्ण ८ भरत नाही, ७.८ ते ७.९च्या आसपास येतो. नुसती जाडी मोजून हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत.

ते ओळखायचे आट्यांवरून. एम८च्या नेहमीच्या भरड आट्यांची पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, १.२५ मिमी असते. अडीच सुती यूएनसी (अमेरिकी इंची भरड आट्यांच्या) बोल्टला एका इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मिमी. दर आट्याला ०.१६ मिमीची चूक होते आणि तिसऱ्या आट्यापर्यंत ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ पोहोचते. तुमचा बोल्ट अडकतो तो इथेच.

पिच गेज नसेल तरी काम अडत नाही. पट्टी बोल्टला लावा, एका आट्याच्या माथ्यावर शून्य धरा आणि तिथून पुढचे दहा आटे मोजा. अंतर १२.५ मिमी आलं तर एम८, १४.१ आलं तर अडीच सुती. टेबलाचा दुसरा चांगला बोल्ट हाताशी आहेच, तर दोन्ही बोल्टांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. जोडी जुळली तर फटीतून उजेड दिसत नाही.

पुढच्या वेळी असं मागा: ‘एम८ × १.२५ × ३०, षटकोनी डोकं, पूर्ण आटे, ८.८’. यात ८ हा व्यास, १.२५ पिच आणि ३० लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. ८.८ हा ताकदीचा आकडा, त्याचा अर्थ पुढे येईल. पिच सांगितली नाही तर भरड धरली जाते: एम५ला ०.८, एम६ला १, एम१०ला १.५, एम१२ला १.७५. बारीक आटे हवे असतील, उदाहरणार्थ एम८ × १ किंवा एम१० × १.२५, तर पिच सांगायलाच हवी. पान्याच्या आकड्यावर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. एम१० बोल्ट जुन्या जर्मन डीआयएन मानकाचा असेल तर त्याला १७चा पाना लागतो, आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाचा असेल तर १६चा. बोल्ट एकच, डोकी दोन.

प्रश्न: माझ्याकडे एक जुना इंग्रजी लेथ आहे. त्यातल्या भोकात एम१२ बोल्ट डुगडुगतो आणि लगेच अडकतो, तर १/२ इंची यूएनसी बोल्ट हाताने सुरू होतो पण पुढे जात नाही. हा आहे तरी कोणता आटा?

बहुधा व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेली ही पद्धत, आणि आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला. यूएनसी त्याच वंशातला, आणि मेट्रिकचा कोनही ६०च. गोंधळ असा की दोन सूत, अडीच सूत आणि तीन सूत या मापांना व्हिटवर्थ आणि यूएनसी दोन्हीत इंचाला तितकेच आटे असतात: अनुक्रमे २०, १८ आणि १६. तिथे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जातो. कोन वेगळा असल्याने बसणी मात्र खरी नसते. चार सुतीला, म्हणजे १/२ इंचाला, ही सवलतही नाही. व्हिटवर्थचे १२ आटे, यूएनसीचे १३. तुमचा बोल्ट सुरू होऊन अडतो तो त्यामुळे.

म्हणून जुन्या यंत्रासाठी ‘अर्धा इंची’ एवढंच सांगू नका. ‘१/२ इंच व्हिटवर्थ, १२ आटे’ असं सांगा. आणि भोकात मेट्रिक टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ‘सरळ करून घेण्याचा’ मोह टाळा. १२.७ मिमीच्या भोकात एम१२चे आटे पडत नाहीत. असलेले तेवढे कापले जातात.

प्रश्न: बोल्ट कुठला आणि स्क्रू कुठला? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

नट लावून आवळायचा तो बोल्ट, आटे मारलेल्या भोकात थेट फिरवायचा तो स्क्रू. ही व्याख्या चांगली आहे, पण बोलताना कुणी ती काटेकोर पाळत नाही आणि त्याने फार बिघडतही नाही. बिघडतं ते ‘पूर्ण आटे की अर्धे आटे’ हे न सांगितल्याने. एखादा लिव्हर किंवा जबडा बोल्टवर फिरत असेल, किंवा दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकायचा जोर बोल्टवर येत असेल, तर त्या जागी गुळगुळीत दांडा हवा. तिथे आटे आले की ते भोकाला कानशीसारखे घासतात आणि सांधा लवकर खिळखिळा होतो.

प्रश्न: ६ मिमीची ॲलन की (षटकोनी खाचेत बसणारी चावी) लागते म्हणून एम६चे ॲलन बोल्ट आणले, ते बारीक निघाले. सीएसके (सपाट माथ्याचे, डोकं कामात बुडणारे) स्क्रू २० मिमी लांबीचे मागवले, तेही आखूड पडले.

दोन्ही ठिकाणी माप चुकीच्या जागेवरून घेतलं गेलं. उंच गोल डोक्याच्या नेहमीच्या ॲलन बोल्टमध्ये एम५ला ४ची की लागते, एम६ला ५ची, एम८ला ६ची, एम१०ला ८ची. म्हणजे तुमचा बोल्ट एम८ असणार. हा हिशेब फक्त त्या डोक्यापुरता. एम८चाच सीएसके ॲलन असेल तर ५ची की लागते, आणि बिनडोक्याचा ग्रब स्क्रू असेल तर ४ची. म्हणून चावीवरून बोल्ट ठरवू नका.

लांबीचा नियम असा: जो भाग कामात बुडतो तो मोजायचा. षटकोनी, ॲलन आणि पॅन डोकं कामाच्या वर राहतं, म्हणून डोक्याखालून टोकापर्यंत. सीएसकेचं डोकंही आत बसतं, म्हणून सपाट माथ्यापासून टोकापर्यंत. ग्रब स्क्रूची पूर्ण लांबी.

इंची ॲलन की मेट्रिक खाचेत वापरू नका. ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी, ती ४च्या जागी चालून जाते. पण ३/१६ म्हणजे ४.७६, आणि ती ५च्या खाचेचे कोपरे गोल करते.

प्रश्न: बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. यंत्राचे सगळे बोल्ट १२.९चे केले तर जास्त मजबूत होईल ना? की स्टेनलेस चांगले?

पहिल्या आकड्याला १०० ने गुणा, तुटण्याची ताकद मिळते. दुसरा आकडा सांगतो की त्यातल्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. ८.८ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, आणि ६४० पासून ताण कायमचा. १२.९ला हेच आकडे १२०० आणि १०८० आहेत.

पण बोल्ट एकटा काम करत नाही. तो ज्या आट्यांत बसतो ते बीडाचे किंवा ॲल्युमिनियमचे असतील, तर १२.९ बोल्ट त्याच्या पूर्ण ताकदीने आवळताना भोकाचेच आटे आधी सुटतील. एम८चा ८.८ बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरला पुरेसा घट्ट होतो. १२.९ लावला म्हणून बीडाच्या टेबलात त्याहून जास्त आवळायचं नाही, मग तो लावून मिळवलं काय? त्यापेक्षा आटे किती खोल धरतात ते पाहा. पोलादात व्यासाइतके, बीडात दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट असावेत.

उलटी चूक याहून धोक्याची. हत्याराचं पातं, कटर किंवा चक धरणारा १२.९चा बोल्ट काढून तिथे बिनआकड्याचा बोल्ट घालू नका. जो आकडा निघाला तोच परत घाला. शिअर पिन किंवा शिअर बोल्ट असेल तिथे मात्र मूळ बोल्टपेक्षा मजबूत काहीच चालत नाही. यंत्र अडकल्यावर तो तुटावा आणि गिअर वाचावेत, म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो.

स्टेनलेसचं म्हणाल तर ए२-७० म्हणजे ७०० न्यूटन, तोही ८.८पेक्षा कमीच. गंज टाळायला उत्तम. पण स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडाच भरभर फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात आणि मग तो कापूनच काढावा लागतो. अँटी-सीझ पेस्ट लावा, हळू फिरवा.

प्रश्न: बेंच ग्राइंडरच्या डाव्या दगडाचा नट सुटतच नाही. पान्याला पाइप लावून पाहिला.

पाइप काढून ठेवा. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. तुम्ही तो नट आणखी आवळत होतात. दोन्हीकडे सरळ आटे असते तर फिरताना डावा नट आपोआप सैल होत गेला असता आणि दगड सुटून समोर उभ्या माणसावर आला असता. लक्षात ठेवायला सोपं सूत्र: ग्राइंडर चालू असताना दगड ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. प्लग आधी काढा, आणि दगड धरून ठेवायला मधे पाचर ठोकू नका. दगडाला तडा जाऊ शकतो.

असाच उलट्या आट्यांचा स्क्रू उलटसुलट फिरणाऱ्या ड्रिलच्या चकमध्ये, जबडे पूर्ण उघडल्यावर तळाशी दिसतो. चक काढण्याआधी तो काढावा लागतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून. उलट्या आट्यांच्या काही नटांच्या कोपऱ्यांवर खाच पाडलेली असते. ती दिसली तर जोर लावायच्या आधी थांबा. नवा नट मागताना व्यास आणि पिचच्या पुढे ‘एलएच’ (लेफ्ट हँड) किंवा सरळ ‘उलटे आटे’ असं म्हणा. डाव्या बाजूचा म्हणून नुसता ‘ग्राइंडरचा नट’ मागितलात, तर सरळ आट्यांचाच हातात पडण्याची शक्यता जास्त.